एका बंधूसाठी

आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या पुरुषांची प्रार्थनासभा दर शुक्रवारी संध्याकाळी मिशनशाळेच्या सुतारवर्गात भरायची. साल एकोणीसशे एकतीस असेल. 'बंधूंनी एकमेकांपुढे मन मोकळं करावं' हा सभेचा उद्देश वहीच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलेला होता. लिहिणारा मीच, सभेचा चिटणीस. त्या पानापुढे कोणी मन मोकळं केल्याचं मला आठवत नाही.

आम्ही त्यावर तोड काढली होती. कोणाच्या घरात काही बिनसलं की तो 'एका बंधूसाठी' प्रार्थना मागायचा. एका बंधूला दारूचा मोह होतो. एका बंधूचं सख्ख्या भावाशी पटत नाही. तो बंधू कोण, हे सभेत विचारायचं नाही. घरी जाताना वाटेत ठरवायचं. आम्ही होतो आठ जण आणि पाप नेहमी नवव्याचं असायचं.

अमोस मास्तर त्या सुतारवर्गाचे शिक्षक. करमाळ्याकडच्या खेड्यातून पोरके होऊन आले आणि मिशनच्या बोर्डिंगात वाढले. शाळेची बाकं त्यांनी केली, देवळातलं व्यासपीठ त्यांनी केलं, आणि मंडळीत कोणी वारलं की पेटीही तेच करायचे. रंधा मारताना तोंडातून शब्द निघायचा नाही, पण प्रार्थनेला उभे राहिले की पुस्तकी मराठीत अर्धा तास खंड नाही. बर्मा, चीन, आफ्रिका, कोणाला सोडायचे नाहीत. स्वतःबद्दल मात्र अवाक्षर नाही आणि बायकोबद्दल तर नाहीच. नवराबायकोनं एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, ही जुनी रीत काही आमच्या बाप्तिस्म्याच्या पाण्यात धुऊन गेली नव्हती. लग्नात पाद्रीसाहेबांनी वदवून घेतलं तेवढ्यापुरतं मास्तरांनी 'रुक्मिणी' म्हटलं. पुढची सव्वीस वर्षं 'अगं' वर भागलं.

त्या वर्षी रुक्मिणीबाईंच्या पोटात गाठ झाली. आता कापून उपयोग नाही, असं डॉक्टरांनी मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी आम्हाला सांगितलं की ती मोडनिंबला माहेरी गेली आहे. खरं बोलावं तर डोळ्यांतून पाणी आलं असतं, आणि मंडळीनं वडील म्हणून निवडलेले पुढारी शमुवेलराव यांचं मत असं होतं की पुरुषाचं रडणं म्हणजे देवावरचा अविश्वास. शमुवेलराव स्वतः कधी रडले नव्हते. त्यांच्या घरचे रडायचे.

शेवटी एका शुक्रवारी मास्तर उठले आणि म्हणाले, "एका बंधूची सहचारिणी मरणाच्या दारी आहे. तो बंधू भयभीत झाला आहे." एवढंच म्हणून बसले. बर्मा राहिला, चीन राहिला, तरी आमच्या टाळक्यात प्रकाश पडला नाही. लुकस कंपाउंडर नाक पुसत होता, तिकडे मात्र सगळ्यांचं लक्ष गेलं. त्याच्या बायकोला, नागम्माला, गेल्या रविवारी प्रवचनात दोनदा ठसका लागला होता. लुकसला पडसं झालं होतं, पण पडशाचा विचार करायला आम्ही काही डॉक्टर नव्हतो.

शनिवारी सकाळी आम्ही गीतांची पुस्तकं काखेत मारून लुकसच्या दारात हजर. मास्तरांनाही ओढून नेलं, कारण प्रार्थना करावी तर त्यांनीच. नागम्मा चुलीपुढे भाकरी थापत होती. मरणाच्या दारी असलेल्या बाईच्या मानानं थाप चांगली दणदणीत होती. तरी शमुवेलरावांनी खूण केली. मास्तरांनी डोळे मिटले, "हे दयाघना," म्हणाले, आणि पुढे शब्दच फुटेना.

नागम्मा विणकरांच्या घरातली, घरात तेलुगू बोलणारी. आडवळण तिला ठाऊक नव्हतं. पिठाचे हात तसेच धरून ती म्हणाली, "मास्तर, मी काय मरत न्हाय. पण मोडनिंबला गेलेल्या बाईची लुगडी तुमच्या दारात कशी वाळत्यात? तुमीच धुताय की, म्या बघितलंय."

मास्तर खाली बसले. "घरातच हाय ती," म्हणाले. आम्ही सातही जण आपापल्या चपला न्याहाळू लागलो. शमुवेलराव म्हणाले, "आपण एक गीत गाऊ."

"गीत ऱ्हाऊ द्या," नागम्मा म्हणाली. "तिच्याकडं जावा."

मास्तरांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. रुक्मिणीबाई बाजेवर पडून होत्या, इतक्या वाळलेल्या की मला बघवेना. आम्ही आधी कोणाच्या घरी गेलो होतो ते मास्तरांनी त्यांना दारातूनच सांगून टाकलं. शमुवेलरावांनी पुढे होऊन सुरुवात केली, "हे स्वर्गीय पित्या, एका आजारी भगिनीसाठी..."

"नाव घ्या की," बाजेवरून आवाज आला. "न्हायतर देव बी दुसरीच्याच घरी जायचा."

शमुवेलराव मागे सरले. मास्तर बाजेशी गुडघ्यांवर बसले. पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेली, करमाळ्याचं पोर तेवढं उरलं. "देवा, माजी रुक्मिणी मरायला लागलीय. मला लई भ्या वाटतंय. तुजा राग बी आलाय मला. तिला न्हेऊ नगं." आणि ते आमच्यासमोर ढसाढसा रडले.

रुक्मिणीबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "परत म्हणा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"नाव."

रुक्मिणीबाई त्यानंतर अकराव्या दिवशी गेल्या. तोवर येताजाता मास्तर त्यांना नावानं हाक मारत होते, आणि गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावत होत्या. पेटी मास्तरांनी स्वतः केली, कोणाला रंध्याला हात लावू दिला नाही.

पुढच्या शुक्रवारी सभा भरली. शमुवेलरावांनी घसा साफ केला. "एका बंधूचा विश्वास उणा पडला, म्हणून आपली प्रार्थना..."

"तो बंधू मी," मास्तर म्हणाले. "अमोस. माजं झालं. आता तुमच्यातला एक एक जण सांगा."

शमुवेलरावांनी गीतांचं पुस्तक उघडलं. माझा थोरला मुलगा माझ्याशी भांडून घर सोडून गेला, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्याच्यासाठी मी दर शुक्रवारी 'देशातल्या तरुण पिढीला' आशीर्वाद मागत होतो. मास्तर माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घालून वहीत लिहिलं, 'सभा प्रार्थनेनं समाप्त झाली.'