नोंदवहीची जागा

मुनव्वर, त्या रविवारी वाचनालयात तुला चहासुद्धा कोणी विचारला नाही. चुकलंच. पण तू आलास तोच असा, की खुर्ची द्यावी की उशी, कळेना.

कसबा पेठेतला हा मुनव्वर सहा दिवस कंपनीच्या बसमध्ये पेंगत हिंजवडीला जायचा आणि सातव्या दिवशी सदाशिव पेठेतल्या वाचनालयाचा लिनक्सवरचा संगणक बघायचा. फुकट. पुस्तकांची यादी बारा वर्षं खपून त्यानेच चढवलेली. आदल्या रविवारी त्याने नवे प्रोग्राम बसवले, यादी अडखळू लागली, म्हणून प्रोग्रामांचं कपाट, म्हणजे /usr, शनिवारच्या स्थितीला परत नेलं. यादी चालली. बुधवारी घरूनच प्रिंटरसाठी एक प्रोग्राम चढवला, आणि यादी उघडेना.

"सोमवारी बंद दिसला, तर डबा भंगारात," अध्यक्ष यज्ञेश्वरराव म्हणाले. "पुस्तकांची जुनी कार्डं आहेतच."

दोन तास मुनव्वर डोकं धरून बसला. मग उमगलं. काय काय बसवलंय याची नोंदवही असते /var मध्ये, आणि ती मागे गेलीच नव्हती. कपाटात जुना माल, वहीत नवा. बुधवारी वहीवर विसंबून संगणकाने नवा तुकडा जुन्याला जोडला होता. त्याने राखीव प्रतींतून त्याच शनिवारची वही शोधून परत ठेवली, कपाटही पुन्हा त्या शनिवारवर नेलं. दीड वाजता यादी उघडली.

ग्रंथपाल सुनीतीबाई मागेच उभ्या होत्या. "अरे, कपाटाची यादी शेजारच्या खोलीत कोण ठेवतं?"

"जुनी रीत आहे, बाई. सतत बदलणारं ते सगळं /var मध्ये."

"रीत घालून देणाऱ्याला कधी रविवारी निस्तरायला बोलावलंस का?"

तो दमून हसला. "वही /usr मध्येच हलवायला हवी. दोन्ही एकदम मागे जातील."

"मग हलव."

"आज हात उचलत नाहीत. पुढच्या रविवारी. तोवर तुम्ही एक पाटी लिहा. तुमच्या पाटीला लोक घाबरतात. 'एकट्या /usr ला मागे नेऊ नये.'"

"'नेल्यास स्वतः निस्तरावे.' हेही घालते."

सोमवारी यज्ञेश्वररावांनी यादीत एक पुस्तक शोधून पाहिलं. त्यांच्याकडून हेच कौतुक. पुढचे रविवार मात्र मुनव्वरच्या कंपनीने घेतले. आणि तो येऊन वही हलवणारच, मग पाटी कशाला, असं बाई धरून चालल्या.

वही अजून /var मध्येच आहे. पाटीसाठी कापलेला पुठ्ठा बाईंच्या खणात, कोरा.