गाईने खाल्लेली सोंड

चित्रकलेत माझा घोडा गाढवावर जाई आणि वाघ मांजरावर. हत्तीने मात्र मला कधी दगा दिला नाही. सोंड तेवढी काढली की शेंबडं पोरही ओळखे. काडेपेटीवर असो, कॅलेंडरातल्या लक्ष्मीशेजारी असो की सर्कशीच्या पोस्टरवर, एवढा अवाढव्य असून बघताच माणसाला हसू फुटावं, असा दुसरा प्राणी नाही.

सत्तरच्या दशकात, नागपुरात नवा जावई असताना, ही फुशारकी मी सासऱ्यांपुढे मारली. त्या वर्षी बुद्धपौर्णिमेच्या मिरवणुकीत त्यांच्या वस्तीला प्रथमच झाकी, म्हणजे गाड्यावरचा देखावा, मिळाली होती: बुद्धांची आई महामाया हिच्या स्वप्नातला पांढरा हत्ती. वस्तीची अब्रू आता आपल्याच हाती, असं मनाशी घेऊन सासरे बसले होते.

मी कोळशाने भिंतीवर नमुना काढला. बांबूचा सांगाडा उभा राहिला, त्यावर मांजरपाट चढलं. सासऱ्यांचा जन्म हातमागावर गेलेला. कापड ताठ राहावं म्हणून त्यांनी सुताला देतात तशी तांदळाची घट्ट खळ दिली. वैशाखाच्या उन्हात हत्ती खडखडीत वाळला. काय रुबाब होता! आम्ही समाधानाने जेवायला बसलो.

बाहेरून बायको ओरडली, "बाबा, धावा! गाय हत्ती खाऊन राहिली!"

सोंड संपली होती. गाय आता डाव्या कानाला लागली होती.

सासऱ्यांनी गाय हाकलली आणि सोंडेच्या जागी उरलेल्या भोकात हात घातला. "आता लोक याले काय म्हनतीन?"

"म्हैस," सासूबाई म्हणाल्या. "काहून जी, खळीत मीठबी टाकलं होतं का?"

सासरे माझ्याकडे बघत होते. "जवाई, तुमचा हात चांगला लंबा हाय."

संध्याकाळी मी हातठेल्यावर, हत्तीच्या पोटात उकिडवा बसलो होतो. धोतराच्या पट्ट्या गुंडाळलेला उजवा हात पुढच्या भोकातून बाहेर. पहिल्याच चौकात तो अवघडला म्हणून जरा हलवला, तर गर्दीतून आरोळी उठली, "सोंड हालवून राहिला गा!" मग काय, मी हलवतच राहिलो. मला बाहेरचं काही दिसत नव्हतं. पण बाया लेकरांना उचलून आणत ते ऐकू येई, आणि इवले तळवे माझ्या हाताला लागत. धोतराखालची बोटं त्यांना कळली असणारच. तरी एकानेही हात मागे घेतला नाही.

घरी आल्यावर सासऱ्यांनी माझा बधिर हात मांडीवर घेतला आणि तेल चोळत बसले. चोळता चोळता म्हणाले, "पुढच्या सालीबी सोंड कापडाची नाही बनवाची."