लेडीज वापर असलेली स्कूटी

जाहिरात मी इतरांच्या बघून लिहिली. जुन्या गाड्यांच्या त्या अ‍ॅपवर शिरूर-दौंडकडची प्रत्येक दुसरी स्कूटी 'सिंगल ओनर, लेडीज वापर' असते. गाडी कुणी दामटलेली नाही, सर्व्हिसिंग वेळेवर झालंय, असा त्याचा अर्थ. माझ्या स्कूटीच्या बाबतीत ते खरंही होतं. मीही तेच लिहिलं आणि माझ्याच खात्यावरून जाहिरात टाकली.

आंघोळ करून येईपर्यंत फोन भरला होता. 'हाय डिअर.' 'लास्ट किती', ना नमस्कार, ना प्रश्नचिन्ह. 'गाडीवर बसून एक फोटो टाका, हाइट समजंल.' 'मालकीण पण बघायला मिळंल का.' एकजण व्हिडिओ कॉल करत राहिला. कापला की पुन्हा. मी एकेकाला ब्लॉक करत गेले. हात साबणाने पुन्हा धुवावेसे वाटले, आणि मी खरंच धुतले.

जाहिरात काढून टाकणं सोपं होतं. पण ही गाडी मला स्वतःलाच विकायची होती. कारेगावच्या कंपनीत नोकरी लागल्यापासून कंपनीची बस आमच्या न्हावऱ्यात येते, त्यामुळे स्कूटी पत्र्याच्या शेडमध्ये नुसती उभी होती. पप्पा म्हणत होते, चुलत भावाला देऊन टाकू. मी म्हटलं, गाडी माझ्या नावावर आहे, मीच विकीन. ते हसले. "बघू जमतंय का महिनाभरात. न्हाई जमलं तर मी हायेच." आमच्या घरात कुठलाही व्यवहार बाई करत नाही. आई भंगारवाल्याला रद्दीसुद्धा पप्पा आल्याशिवाय काढून देत नाही.

त्या घाणीत एक मेसेज वेगळा होता. 'नमस्कार ताई. गाडी अजून आहे का? बहिणीसाठी हवी आहे. आपल्या सवडीने बघायला येऊ.' पूर्ण वाक्यं, पूर्णविराम. मी इंग्रजी शाळेत शिकले. माणूस कसा आहे हे मी पूर्णविरामावरून ठरवते. मी किंमत लिहिली, कमी होणार नाही असंही लिहिलं. उत्तर आलं, 'मान्य आहे ताई. तुमचा शब्द तो शब्द.' दौंडच्या एका बाईंनीही गाडी विचारली होती. त्यांना मी कळवलं की बोलणी झाली आहेत.

रविवारी तो यवतहून आला. एका स्कूटीसाठी चार माणसं गाडीतून उतरली. दारात मीच उभी होते. मेसेजमधला ताई-ताई करणारा माणूस माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाला, "आप्पा हायेत का घरात?"

पप्पा आले. चहा झाला. ऊस कुठल्या कारखान्याला जातो, न्हावऱ्यात आपले पाव्हणे कोण, त्यांची मुलगी कुठं दिलीय. चहाचे कप खाली ठेवेपर्यंत पप्पा आणि तो एकमेकांचे नातेवाईक निघाले होते. मी स्वयंपाकघराच्या दारात किल्ली मुठीत धरून उभी. पप्पा एकदा म्हणाले, "गाडी पोरीची हाय, तिला इचारा," तेव्हा चौघंही हसले, गोड हसले.

त्यांच्यातल्या एकाने गाडी फिरवून आणली. उतरल्या उतरल्या चाकाशेजारी गुटखा थुंकला. "पिकअप न्हाई राव. बायांच्या हातात गाडी मऊच पडती."

"ते जाऊ द्या," मेसेजवाला पप्पांना म्हणाला. "आप्पा, आपल्याला घासाघीस करायची न्हाई. ताईंनी चॅटवर आकडा सांगितलाच हाय, त्याच्यावर आपण ठाम." आणि त्याने जो आकडा सांगितला, तो मी लिहिलेल्यापेक्षा कितीतरी खाली होता. आवाज मात्र मेसेजसारखाच सभ्य.

पप्पा माझ्याकडे वळले. "असं बोलली व्हतीस का?"

मला विचारत होते. त्याला नाही.

फोन पप्पांच्या हातात दिला असता तर संपलं असतं. पण त्या एका चॅटच्या वरखाली बाकीचे सगळे होते, हाइटवाले, मालकीणवाले. पप्पांनी ते वाचावं हे मला सहन झालं नसतं. मी दारातूनच त्याचा चॅट उघडून मोठ्याने वाचला. माझी किंमत. 'मान्य आहे ताई.' 'तुमचा शब्द तो शब्द.'

"अरारा, ताईंनी पुरावाच काढला!" गुटखेवाला म्हणाला. "वकील हायेत काय?"

मेसेजवाल्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. समजूत घालावी तसं तो म्हणाला, "ताई, चॅटवरचं येगळं असतं. लेडीजला मान द्यायचा म्हणून लिवतो आपण तसं. व्यवहार समोर बसल्यावर, मोठ्या माणसांत ठरतो."

"मग मला गाडी द्यायची नाही," मी म्हटलं.

"अगं, लांबून आलीत माणसं," पप्पा म्हणाले. ते शरमले होते, पण त्या माणसाच्या खोट्यामुळे नव्हे. "न्हाई कळत तिला," असं म्हणत ते चौघांना फाटकापर्यंत सोडायला गेले. एका कपात सुपारीचा लाल गाळ राहिला होता. तो कप मी धुतला नाही, फेकला.

दौंडच्या बाईंना मी पुन्हा मेसेज केला. त्यांचं उत्तर एका ओळीचं: 'दुसरी घेतली. बोलणी झाली म्हणून खोटं कशाला सांगायचं?' त्यांच्या लेखी मीही त्यातलीच एक.

महिना संपला. पप्पांनी जाहिरातीत माझ्या जागी स्वतःचं नाव आणि नंबर घातला. फोन यायला लागले, सगळे "नमस्कार आप्पा" ने सुरू होणारे. फोटो कुणी मागितला नाही. शिरूरचा एक माणूस आला, बसला, चहा प्यायला आणि व्यवहार झाला. गाडी माझ्या नावावर असल्यामुळे सही माझीच लागणार होती. त्याने फॉर्म पप्पांकडे दिला. पप्पांनी तो माझ्यापुढे धरला आणि सही कुठं करायची त्या रकान्यावर बोट ठेवलं, मला वाचता येत नसल्यासारखं.

मी सही केली. किल्ली पप्पांनी दिली.

"लय चांगली सांभाळलीय गाडी, आप्पा तुम्ही," जाताना तो माणूस हात जोडून म्हणाला.

पप्पांनीही हात जोडले.