बंगळूरची फायनल आणि बाकावरचा सात नंबर

नितीनचा फोन आला आणि मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. नितीन माझा मावसभाऊ. बंगळूरला एचएसआर लेआउटमध्ये राहतो, सॉफ्टवेअर कंपनीत आहे, आणि गेली काही वर्षं तिथल्या एका हौशी रग्बी क्लबच्या नादी लागलाय. "ताई, शुक्रवारी सेमीफायनल, जिंकलो तर रविवारी फायनल. तू ये, आणि वही घेऊनच ये. आमच्या ग्रुपमध्ये बोंबलणारे खूप आहेत, मोजणारं कुणी नाही. कोच पण विचारतोय तुझ्याबद्दल."

त्या शेवटच्या वाक्यावर मी विरघळले, हे आधीच कबूल करते. कोल्हापुरात कॉलेजला असताना मी रग्बी खेळायचे. गुडघा गेला, खेळ सुटला, मग मी मोजायला लागले. प्रत्येक खेळाडूचा एक रकाना. टॅकल केला, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडलं, की उभी रेघ, रकमध्ये पोचला की आडवी. रक म्हणजे टॅकलनंतर पडलेल्या चेंडूवर दोन्ही बाजूंची जी ढकलाढकली होते ती. कोण किती राबला यावर मॅचनंतर तासन्‌तास वाद चालतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं. माझ्या रेघा आल्यापासून आमच्याकडचे वाद पाच मिनिटांत मिटायला लागले. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे आकड्यांपुढे ओळखदेख बाजूला, असा माझा बाणा. त्याचा मला गर्व होता.

गुरुवारी सकाळी सहाला गाडी काढली. नितीनने आणखी एक काम गळ्यात मारलं होतं. त्यांच्या क्लबचा सात नंबर दशरथ मूळचा निपाणीचा, बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर असतो. त्याची बायको सुवर्णा आणि मुलगी समृद्धी यांना निपाणीहून सोबत घ्यायचं. निपाणीच्या पुलाखाली दोघी पिशव्या घेऊन उभ्याच होत्या.

ज्यांना हा रस्ता करायचाय त्यांच्यासाठी: कोल्हापूर ते बंगळूर सहाशे किलोमीटरच्या थोडं वर, थांबत थांबत अकरा-बारा तास धरा. रस्ता छान आहे, काही ठिकाणी काम चालू असल्याने वळवलेला. फास्टॅगमध्ये हजार-बाराशे असू द्या. बेळगावात चहा घ्या, पण जेवण दावणगेरेसाठी राखून ठेवा. तिथला लोणी डोसा एकाने भागत नाही. चित्रदुर्गाच्या पुढे डोंगरांवर पवनचक्क्या दिसतात आणि मागच्या सीटवरची मुलं थोडा वेळ भांडायची थांबतात. आमच्याकडे एकच मूल होतं आणि ते भांडत नव्हतं. गाडी लागून अर्धमेलं होऊन पडलं होतं.

सुवर्णा आधी गप्प होती. हुबळीनंतर मोकळी झाली. "आमी कधी बघितलंच न्हाई ओ ह्यांचा ख्येळ. लग्नाआधी कबड्डी ख्येळायचे, ती बघितली. हे काय अंड्यासारखा चेंडू घेऊन पळत्यात, ते फोनवर स्वल्प दावलं एकदा." दशरथ सदतीस वर्षांचा. ही त्याची शेवटची स्पर्धा, घरी तसं सांगून टाकलं होतं. म्हणून दोघी निघाल्या होत्या. समृद्धी पाचवीत. वर्गात तिने सांगून ठेवलं होतं की पप्पांची फायनल आहे. अजून सेमी व्हायची होती, पण तिच्या हिशेबात फायनल पक्की होती.

नेलमंगलाच्या पुढे ट्रॅफिक सुरू झाला. कोल्हापूरकडून येणाऱ्याला एक सोय आहे, पीण्या आधी लागतं. दशरथ वर्कशॉपच्या कपड्यातच रस्त्यावर उभा होता. उंच नाही, पण खांदे असे की गाडीच्या खिडकीतून वाकला तर उजेड जातो. "लई उपकार झाले ताई. चहा घेऊन जावा." मी म्हटलं, उशीर होतोय, मॅचला भेटू. त्या दोघी दासरहळ्ळीला त्याच्या चुलत बहिणीकडे उतरणार होत्या. मला एचएसआरला पोचायला तिथून आणखी दोन तास लागले.

शुक्रवारी समृद्धीला ताप भरला, त्यामुळे मायलेकी सेमीला आल्याच नाहीत. मैदान छोटं, एका बाजूला चार पायऱ्यांची बैठक. तिथे मला देसाई काका भेटले. सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले इंजिनिअर, चाळीस वर्षं बंगळुरात मुरलेले, एकही मॅच न चुकवणारे. "या, या. कोल्हापूरचं मोजमाप खातं आलं," म्हणाले आणि बसायला स्वतःचा टॉवेल अंथरला.

मॅच अटीतटीची झाली आणि आपले जिंकले. मी ऐंशी मिनिटं मान वर-खाली करत रेघा ओढत होते. शेवटी रकाने जुळवले तर सगळ्यांचे भरलेले, एक सोडून. सात नंबर हा संघातला सगळ्यात जास्त पळणारा असायला हवा. दशरथच्या रकान्यात सहा टॅकल आणि चार रक होते. त्याच्या बाजूच्या सहा नंबरचं काम त्याच्या तिप्पट होतं.

संध्याकाळी सगळे कोरमंगलात एका दर्शिनीत, म्हणजे तिथल्या उभ्याने खायच्या हॉटेलात, जमले. ह्या क्लबची पद्धत अशी की मॅचनंतर चाहते आणि कोच एकत्र उभ्याने कॉफी पितात आणि एकेका खेळाडूची हजेरी घेतात. खेळाडू त्यात नसतात. क्लबकडे पगारी माणूस एकही नाही, त्यामुळे कोच हे सगळं मनापासून ऐकतो. कोच मंगळूरचा, माझ्याशी हिंदीत बोलत होता. वाद रंगला.

"सहा नंबर आज सुपर होता यार, काय वर्क रेट," नितीन म्हणाला.

"आणि दशरथअण्णा?" कुणीतरी विचारलं.

"अण्णा इज अण्णा. एज झालंय थोडं, पण आहे तो."

कोच माझ्याकडे वळला. "मॅडम, आपका नंबर क्या बोलता है?"

गाडीत अकरा तास बसलेल्या त्या दोघी मला आठवल्या. खरंच आठवल्या. आणि त्या आठवल्या म्हणूनच मी जास्त ठामपणे बोलले, की ओळखीमुळे झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये. वही उघडून त्याच्यासमोर धरली आणि म्हटलं, "सात नंबर चालतोय, पळत नाही. हे बघा. चेंडू असतो तिथे तो पोचतच नाही." कोचने पानाचा फोटो काढला. दोघा-तिघांनी मान डोलावली. नितीनने माझी पाठ थोपटली, आणि मला फार बरं वाटलं.

शनिवारी सकाळी देसाई काकांनी नाश्त्याला बोलावलं. काकूंनी तांदळाच्या पिठाची अक्की रोटी आणि शेंगदाण्याची चटणी केली होती. खाणं झाल्यावर काकांनी नितीनला त्याने फोनवर घेतलेलं मॅचचं शूटिंग टीव्हीवर लावायला सांगितलं.

"चेंडूकडे बघू नकोस," ते म्हणाले. "दहा नंबरकडे बघ. उजवा हात बघ त्याचा."

दहा नंबर म्हणजे किक मारणारा, खेळ चालवणारा. चोवीस-पंचवीसचा असेल. तो उजवा हात पोटाशी धरून पळत होता.

"खांदा गेलाय त्याचा. मागच्या महिन्यात गेला असावा. लपवतोय, कारण क्लबकडे दुसरा दहा नंबर नाही. आता त्याच्या उजवीकडे कोण आहे ते बघ. दर वेळी."

दर वेळी दशरथ होता. चेंडू मैदानाच्या त्या टोकाला असो की ह्या, तो दहा नंबरच्या उजव्या खांद्यापासून दोन पावलांवर. समोरच्यांचे दोन दांडगे खेळाडू दहा नंबरवर धावून यायला बघायचे, मध्ये दशरथ उभा दिसला की चेंडू दुसरीकडे द्यायचे. मी शूटिंग तीन वेळा मागे घेतलं.

"त्याच्या बाजूने कुणी आलं का?" काकांनी विचारलं.

"नाही."

"मग तो टॅकल कुणाला करणार? तुझी वही चूक नाही गं. जे घडलं ते तू मोजलंस. त्याच्यामुळे जे घडलं नाही, ते मोजायला रकाना नाही तुझ्याकडे. सरी, ठीक आहे, कोचला फोन करून टाक."

काका इतकं साधं बोलले आणि काकूंना हाक मारायला आत गेले. फोन तेव्हाच करायला हवा होता. नंबर नितीनकडे होता, नितीन शेजारी बसला होता. पण काल चारचौघांत ज्या माणसाने मला मान दिला, त्याला आज सकाळी मी चुकले असं सांगायचं माझ्या जिभेवर येईना. मी म्हटलं, संध्याकाळी पूर्ण शूटिंग नीट बघते, मग पक्कं सांगते. आणि आम्ही लालबागला गेलो.

लालबागेबद्दल लिहायला हवं, प्रवासवर्णन आहे. तिकीट थोडं, झाडं प्रचंड, खडकाच्या टेकडीवरून शहर दिसतं. सकाळी लवकर जा, अकरानंतर ऊन लागतं. मी तिथे अडीच तास फिरले आणि एकही झाड धड आठवत नाही.

सहा वाजता ग्रुपवर संघ आला. सात नंबरला बावीस वर्षांचा नवा खेळाडू. दशरथचं नाव राखीव खेळाडूंत, खालून दुसरं.

"आता लिस्ट आली ताई," नितीन म्हणाला. "सेकंड हाफमध्ये आणतील त्याला. लीव्ह इट." मी हो म्हटलं. तेव्हाही फोन करता आला असता.

रविवारी बैठकीवर सुवर्णा आणि समृद्धी माझ्या शेजारी येऊन बसल्या. समृद्धीचा ताप उतरला होता, केसांना क्लबच्या रंगाची नारिंगी रिबीन. संघ मैदानात आला. ती नंबर वाचत गेली, मग पुन्हा पहिल्यापासून.

"मावशी, पप्पा कुठायत?"

मी बाकाकडे बोट दाखवलं. दशरथ तिथे जर्सीवर जाकीट घालून बसला होता. त्याने हात केला.

"त्ये कवा ख्येळणार?" सुवर्णाने विचारलं. मी म्हटलं, थोड्या वेळाने.

समोरच्यांनी पाचव्या मिनिटाला दहा नंबरवर पहिला माणूस सोडला. नवा सात नंबर चेंडूमागे पळत गेला होता, माझ्या वहीत भरपूर रेघा याव्यात असा. दहा नंबरजवळ कुणीच नव्हतं. दुसऱ्यांदा तो पडला तो उठलाच नाही, दोघांनी त्याला धरून बाहेर नेलं. मध्यंतरापर्यंत मॅच हातची गेली होती.

आठ मिनिटं उरली असताना दशरथला आत घेतलं. मागचे लोक टाळ्या वाजवायला लागले, समृद्धी पायरीवर उभी राहिली. मी वही केव्हाच पिशवीत टाकली होती. माझ्याने वर बघवेना. पायाखालच्या पायरीवर शेंगांची टरफलं पडली होती, मी ती बघत बसले. नितीननेही हरल्यावर काय करायचंय म्हणून शूटिंग बंद केलं होतं.

मॅचनंतर मी दशरथला गाठलं. गुडघ्यापर्यंत माती, ओठ फुटलेला. मी सगळं सांगितलं, फोन केला नाही तेही.

"तुमी मोजलं त्ये बरोबरच हाय ताई. मी तिकडं गेलोच न्हाई चेंडूकडं. कोचला आधी सांगाय पायजे होतं, पर त्या धा नंबरच्या पोरानं शपथ घातल्याली." मग मुलीकडे बघून म्हणाला, "आठ मिन्टं तर आठ मिन्टं. बघितलं न्हवं तिनं." त्याने मला दोष दिला असता तर मला उत्तर देता आलं असतं. माफी मागितल्यावर माणसाने निदान थोडं रागवावं, असं मला वाटत होतं, आणि असं वाटणंही स्वार्थीच होतं.

सोमवारी परत निघालो. तुमकूरजवळ तट्टे इडली खा, ताटाएवढी असते, दोघांत एक पुरते. दावणगेरेला आम्ही थांबलो नाही. सुवर्णाने निपाणीला उतरताना बळेच शेवग्याच्या शेंगा दिल्या आणि म्हणाली, "तुमच्यामुळं बघाय मिळालं." तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं आणि शेंगा छान आहेत असं म्हटलं.

घरी येऊन आता आठवडा झाला. तिकडे जायचं असेल तर जरूर जा, बंगळूर पाहुण्याला सांभाळून घेणारं शहर आहे. बाकी ह्या सहलीतून मी जे घेऊन आले त्याचं काय करायचं मला अजून कळलेलं नाही. मी मोजणं सोडणार नाही, मला दुसरं काही येतही नाही. पण शनिवारची ती सकाळ, चटणीचा वास, शेजारी पडलेला फोन, हे रोज एकदा तरी डोळ्यांपुढे येतं.

काल सुवर्णाच्या फोनवरून समृद्धीचा आवाजी निरोप आला. "मावशी, मी पप्पांचे टॅकल मोजले. चार झाले. पण मला नियम येत नाहीत, म्हणून विचारते. पप्पा म्हणाले, मावशीला विचार, त्यांचं मोजणं पक्कं असतं. चार बरोबर आहेत का? उद्या वर्गात सांगायचंय."

चार बरोबर आहेत, असं मी कळवलं. ती आठ मिनिटं मी खाली बघत होते, हे तिला सांगितलं नाही.