थंड पिंपातले पेशंट

डेल्बर्ट क्राउस मूळचा दुधाच्या टाक्यांचा वेल्डर. एकोणीसशे एकाहत्तरात त्याने फ्रेस्नो शहराजवळच्या एका शेडमध्ये मेलेली माणसं गोठवून ठेवायचा धंदा काढला. पुढेमागे डॉक्टर त्यांना उठवतील म्हणे. त्यांना कुणी मेलेलं म्हटलं, की खवळायचा. "पेशंट म्हणा!"

अर्मा टॉलिव्हर दर रविवारी नवऱ्याच्या उंच पिंपाशी उभी राहून गप्पा मारायची. एकदा डेल्बर्टला राहवलं नाही. "बाई, पिंपात त्यांचं डोकं खाली असतं. गोठवायचा पातळ नायट्रोजन आटलाच, तर आधी पाय वितळावेत म्हणून."

"मेल्या, वर्षभर मी पायांशी बोलतेय होय?"

तिने गुडघे टेकून पिंपाच्या बुडाला कान लावला. बराच वेळ ऐकलं.

"डेल्बर्ट, याच्याबरोबर ती बाई कोण आहे?"

डेल्बर्टच्या हातातला पाना गळून पडला. जागा नव्हती म्हणून परवा त्याने एकट्यानेच दुसरी पेशंट त्याच पिंपात उतरवली होती. स्वतःच्या बायकोपाशीसुद्धा बोलला नव्हता.