आधी तोंडानं काढून दाव

मन्नाएखेळ्ळीच्या हमरस्त्यावर काशीनाथअण्णांचं गॅरेज होतं. गाडीखालून कसला तरी आवाज येतोय, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की अण्णा गाडीकडं बघतसुद्धा नसत. बिडी विझवून म्हणत, "गाडीला काय इचारायचं? तू काढून दाव की तोंडानं!"

मोठी पंचाईत व्हायची. कडक इस्त्रीतले पाटील चारचौघांत "खर्र-खट, खर्र-खट" करायचे आणि शेजारच्या हॉटेलातली माणसं चहा सांडेपर्यंत हसायची. अण्णा मात्र डोळे मिटून ऐकत. "क्लच सोडताना येतोय का वळताना? न्हाई, परत काढ." मग स्वतः तो आवाज काढत. गाडीवाला "व्हय, व्हय, हाच!" म्हणाला की मगच पोतं अंथरून गाडीखाली शिरत. चुकायचेही बरं का! एकदा सीटखाली जेवणाचा डबा घरंगळत होता आणि अण्णांनी अख्खं चाक उतरवलं. वर म्हणाले, "डबा बी गाडीतलाच हाय की!"

मी तेव्हा हुमनाबादला माणसं नेणारी जीप चालवायचो. एके दिवशी कळलं, अण्णांना लकवा मारला. बीदरच्या दवाखान्यात हातपाय हळूहळू सावरले, पण वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "येईल, नाहीतर नाही येणार. बोलतं करत राहा." त्यांच्या पत्नी, महादेवीअक्का, दिवसभर बोलायच्या, मराठीत, कानडीत, चिडल्या की उर्दूत. अण्णा छताकडं बघत पडलेले. गावाला आवाज काढायला लावणारा माणूस, आणि त्याच्याच तोंडून काही निघेना! माझा जीव तुटायचा.

त्यांना घरी आणायला मीच जीप नेली. गिअर टाकला की जीपखाली 'टक' वाजायचं. अण्णांशिवाय दुसऱ्याला दाखवायचं मनात येईना, म्हणून तशीच हाणत होतो.

बीदर मागं पडलं आणि पुन्हा 'टक' आलं. या वेळी मी गिअर टाकलाच नव्हता.

करकचून ब्रेक मारला. मागं अण्णा डोळे मिटून, ओठ वाकडे करून, "टक... टक."

"अय्यय्यो, आवाज काढायलेत की रे!" अक्का रडायलाच लागल्या.

मी मुद्दाम म्हणालो, "अण्णा, खर्र येतोय का?"

अण्णांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी जोरात मान हलवली. "टक!"

"व्हय, व्हय, हाच!" मी असा ओरडलो की रस्त्यानं जाणारा बैलगाडीवाला थांबून बघायला लागला.

मग रोज येता-जाता अण्णांच्या दारात जीप थांबवायची आणि गिअर टाकून टक वाजवायचं, हा माझा नेमच झाला. अण्णा साथ द्यायचे. आवाजामागून अक्षरं आली, अक्षरांमागून एकेक शब्द. काही महिन्यांनी, ज्वारी पोटऱ्यात आली तेव्हा अण्णा काठी टेकत जीपपाशी आले आणि अडखळत का होईना, पुरतं वाक्य बोलले, "खालचा... जॉइंट गेलाय, लेका. कामून... तशीच हाणायलास?"

"तुमच्यासाठीच ठेवला होता, अण्णा," मी म्हणालो.

अण्णांनी जीपला एक फेरी घातली. मग अक्कांकडं हात पसरला.

"पोतं आण."