हळदीच्या पोत्याची फळी

हळद शिजायला लागली की तिचा मातकट, कडसर वास आमच्या कुरुंदा गावात घराघरांत शिरतो आणि मला वकीलबाईंचा सत्कार आठवतो. पोलिओनं पाय गेलेल्या या बाई कुबड्यांवर कोर्टात जाऊन आमच्यासारख्या अपंगांच्या हक्कांसाठी अख्खी हयात भांडल्या. माझी अडवलेली नोकरीही त्यांनीच मिळवून दिली. म्हणून गावानं त्यांना बोलावलं होतं. मंडप, फेटे, हार, सगळं बराबर होतं. फक्त स्टेजला उंच पायऱ्या होत्या आणि ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. चार गडी पुढं झाले. "बाई, तकलीफ घेऊ नका, आमी उचलून नेतो." बाई हसल्या. "मी काय हळदीचं पोतं हाये का? आन् पोतं ट्रकात चढवायला बी तुमी फळी लावता, मग माणसाला काहून न्हाई?" मग आडतीवरच्या हमालांनी पळत जाऊन लांब फळ्या आणल्या, खाली मुरूम दाबला. तोवर पाहुणे हार हातात धरून ताटकळले. बाई सावकाश कुबड्या टेकत वर गेल्या आणि हार घ्यायच्या आधी वळून माझ्या व्हीलचेअरकडं बघत म्हणाल्या, "तू काहून खाली? ये की." तोवर गावच्या कुठल्याच स्टेजवर मी चढलो नव्हतो. आता स्टेज घालताना गडी आधी फळ्या टाकतात. परवा शाळेच्या कार्यक्रमात मी त्या फळ्यांवरून एकटाच वर गेलो; कुणी मदतीला उठलं नाही, कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. घरी आल्या आल्या बाईंना फोन करून मी हेच सांगितलं.